अटॅचमेंट कॅम्प: लष्कराच्या युनिटमध्ये कॅडेट नेमकं काय शिकतो?

परीक्षा आटोपल्या की जळगाव-धुळ्याकडच्या महाविद्यालयांत एनसीसीच्या मोजक्या कॅडेटांना निरोप येतो: अटॅचमेंटला, म्हणजे लष्कराच्या चालू युनिटबरोबर दोनेक आठवडे राहायला, नाव लागलंय, पालकांची सही आणि मेडिकल घेऊन या. हा कागद घरी पोचला की पहिला प्रश्न ठरलेला, 'म्हणजे पोरगं भरती झालं का?' दुसरा, 'बॉर्डरवर पाठवतात का?' आणि तिसरा सहसा मोठ्याने विचारला जात नाही, पण बापाच्या चेहऱ्यावर वाचता येतो, 'पैसे किती लागतील?'

तिन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकतो. भरती नाही. एनसीसी चालते ती 1948च्या कायद्यावर आणि त्या कायद्यातच लिहिलंय, की कॅडेट म्हणून नाव घातलं एवढ्यावरून कुणालाही प्रत्यक्ष लष्करी सेवेला जावं लागत नाही. सीमेवरही नाही, पाठवतात ते सहसा छावणीत, म्हणजे लष्कराच्या भाषेत पीस स्टेशनला असलेल्या युनिटमध्ये. आणि राहणं-खाणं सरकारी असतं. खिशात ठेवायला थोडे पैसे द्या, म्हणजे झालं.

खरा प्रश्न चौथा आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही. पंधरा दिवसांत लष्कर काय शिकवणार? बंदूक चालवायला तर कॉलेजच्या शिबिरातही शिकवतात.

शिबिर वेगळं, अटॅचमेंट वेगळी

नेहमीचं वार्षिक शिबिर दहा दिवसांचं. एखाद्या शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या मैदानावर शेकड्याने पोरं जमतात. जळगावात एनसीसीची 18 महाराष्ट्र बटालियन, धुळ्यात 48 महाराष्ट्र बटालियन. त्यांचा पीआय स्टाफ, म्हणजे सैन्यातून प्रतिनियुक्तीवर आलेले हवालदार आणि सुभेदार, सकाळपासून रात्रीपर्यंत या पोरांच्या मागे असतो. ड्रिल, नकाशा वाचन, पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. सगळी व्यवस्था कॅडेटसाठी उभी केलेली असते. तो तिथला मुख्य माणूस.

अटॅचमेंटमध्ये तो मुख्य माणूस नसतो. साधारण दोन आठवडे त्याला एका चालू युनिटला जोडतात. त्या युनिटचं स्वतःचं वेळापत्रक असतं, स्वतःच्या अडचणी असतात, पुढच्या महिन्यात कुठलंतरी इन्स्पेक्शन असतं आणि या सगळ्यात वीस-पंचवीस पोरं येऊन पडलेली असतात. युनिट त्यांच्यासाठी एखादा अधिकारी, एखादा सुभेदार आणि दोन-चार हवालदार नेमून देतं, कार्यक्रमही आखतं. पण युनिटचं काम थांबत नाही. लेकीला चार दिवस माहेरपणाला बोलावणं आणि तिला सासरच्या चुलीपुढे उभं करणं यात जो फरक आहे, तोच शिबिर आणि अटॅचमेंटमध्ये आहे.

जगातल्या बहुतेक सैन्यांना ही गरज कळलेली आहे. अमेरिकेत विद्यापीठात शिकता शिकता अधिकारी घडवणारी आरओटीसी नावाची योजना 1916च्या कायद्याने सुरू झाली. तिथले कॅडेट तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्सला काही आठवड्यांचं मोठं शिबिर करतात. त्यातल्या काहींना पुढे तीन-चार आठवडे प्रत्यक्ष सेवेतल्या युनिटमध्ये धाडतात. कुणी अमेरिकेतल्याच तळावर, कुणी जर्मनीत, कुणी दक्षिण कोरियात. तिथे कॅडेटला एका तरुण लेफ्टनंटच्या मागे लावून दिलेलं असतं. तो मीटिंगला गेला, हा मागे. तो गाड्यांच्या शेडमध्ये गेला, हा मागे. त्याची तीस-चाळीस माणसांची प्लाटून हा कॅडेट बघतो, जमेल तशी हाताळतो आणि शेवटी त्याच्यावर लेखी शेरा मारला जातो.

आपल्याकडचा आणि तिकडचा कार्यक्रम तंतोतंत सारखा नाही. अमेरिकेतला तो कॅडेट अधिकारी होणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. आपला एनसीसीचा पोरगा अजून बी.एस्सी.चे विषय सोडवतोय आणि पुढे एसएसबी, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणारी मुलाखत-चाचणी, पास होईल की नाही हे त्यालाही ठाऊक नाही. म्हणून आपल्याकडे कॅडेटला प्लाटून हाताळायला देत नाहीत, दाखवतात. मला विचाराल तर ते बरोबरच आहे.

बटालियन म्हणजे किती माणसं?

पुढचं समजायला थोडी मांडणी माहीत हवी. पायदळात सर्वांत लहान तुकडी म्हणजे सेक्शन, दहा जवानांची. तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. अशा चार रायफल कंपन्या, शिवाय मॉर्टर, संचार, वाहतूक सांभाळणारी माणसं, स्वयंपाकी, न्हावी, कारकून असं सगळं मिळून बटालियन. आठशेच्या आसपास माणसं. तिचा प्रमुख कर्नल, ज्याला सगळे सीओ साहेब म्हणतात.

आता यातली आपल्याकडची खास गोष्ट. पाश्चात्त्य सैन्यांत प्लाटूनवर लेफ्टनंट असतो आणि त्याच्या हाताखाली अनुभवी सार्जंट. भारतीय सैन्यात अधिकारी आणि जवान यांच्यामध्ये जेसीओ नावाचा एक थर आहे: नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. बऱ्याच प्लाटून प्रत्यक्षात नायब सुभेदारच चालवतो. वीसेक वर्षं नोकरी झालेला माणूस, शिपाई म्हणून लागलेला, सियाचीन-काश्मीर-ईशान्य सगळं पायाखाली घातलेला. आणि बावीस वर्षांचा नवा लेफ्टनंट हुद्द्याने त्याच्या वर.

हे कोडं वाटतं ना? वर्गात कितीही समजावलं तरी ते कॅडेटच्या डोक्यात शिरत नाही. युनिटमध्ये दोन दिवसांत शिरतं. लेफ्टनंटला सुभेदार सॅल्यूट करतो आणि तोच लेफ्टनंट त्याला 'साब' म्हणतो, त्याचं ऐकून घेतो, बहुतेक वेळा त्याच्याच म्हणण्याप्रमाणे हुकूम देतो. हुकूम मात्र लेफ्टनंटचा, कारण उद्या चुकलं तर जबाब त्याने द्यायचा. कॅडेटलाही पहिल्याच दिवशी ताकीद मिळते: अधिकाऱ्याला 'सर', जेसीओला 'साब'. यात गल्लत केली तर कुणी ओरडत नाही, पण सगळ्यांच्या लक्षात राहते.

दिवस कसा जातो

उजाडायच्या आत पीटी. कॉलेजच्या मैदानावर ज्याला वाटत होतं आपण पळतो, त्याला इथे चाळिशीचा हवालदार हसत हसत मागे टाकतो. मग नाश्ता, मग शस्त्र प्रशिक्षण, दुपारी थोडी विश्रांती, संध्याकाळी गेम्स, म्हणजे सगळ्यांनी व्हॉलीबॉल-बास्केटबॉलच्या मैदानात उतरायचं, अधिकाऱ्यांनीसुद्धा. रात्री रोल कॉल. जेवण जवानांच्या लंगरमध्ये. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या पोराला पहिले दोन दिवस तिथल्या पोळ्या-डाळीला चव लागत नाही, तिसऱ्या दिवशी तो तिसऱ्यांदा ताट पुढे करतो. पीटी करून आलेल्या पोटाला कुठलाही मसाला लागत नाही.

यात एक जागा मला फार महत्त्वाची वाटते ती म्हणजे कोत. कोत म्हणजे शस्त्रागार. जाड भिंती, लोखंडी दार, बाहेर पहारा. आत रायफली साखळीत ओवून उभ्या, प्रत्येकीच्या दस्त्यावर रंगवलेला नंबर. रायफल घ्यायची तर रजिस्टरमध्ये नंबर, नाव, वेळ, सही. हातात आली की पहिलं काम नळी सुरक्षित दिशेला धरायची, मॅगझीन काढायचं, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं. देणाऱ्याने आत्ताच बघितलेलं असतं. तरी घेणाऱ्याने पुन्हा बघायचं. परत करताना साफ करून द्यायची: नळीतून चिंधी ओढायची, उजेडाकडे धरून आत बघायचं, कोतवाला हवालदार नुसती मान हलवून परत पाठवतो, पुन्हा चिंधी, पुन्हा तेल.

फायरिंगच्या दिवशीही तेच. इन्सास किंवा युनिटकडे असेल त्या रायफलने कॅडेट गोळ्या झाडतो, पॉइंट टू टूपेक्षा खांद्याला बसणारा दणका निराळाच असतो आणि त्याला वाटतं झालं, आता फोटो. मग फर्मान सुटतं: खोखे गोळा करा. झाडलेल्या प्रत्येक गोळीचं रिकामं पितळी कवच, म्हणजे खोखं, मोजून परत द्यायचं असतं. एक कमी भरलं तर सगळी रांग गुडघ्यांवर बसून गवत चाचपत राहते, ऊन कितीही असो. आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत अशाच रायफलींची काडतुसं बनतात, भुसावळ तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. त्या गोळीचं दुसरं टोक, म्हणजे झाडून झाल्यावरचा हिशोब, हा इथे दिसतो.

अधिकारी करतो तरी काय?

सिनेमा बघून गेलेल्या पोराला इथे खरा धक्का बसतो. त्याला वाटलेलं असतं, अधिकारी म्हणजे नकाशावर बोट ठेवणारा, पुढे धावणारा. दिसतो तो फायलींवर सह्या करणारा, लंगरमधली डाळ चाखून बघणारा, जवानांच्या रजेचा तक्ता जुळवणारा माणूस.

रजेचंच घ्या. कंपनीत शंभरावर माणसं. प्रत्येकाला पेरणीला घरी जायचंय किंवा बहिणीच्या लग्नाला, किंवा बायकोचे दिवस भरत आलेत. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही. कुणाला आधी, कुणाला नंतर, हे कंपनी कमांडर ठरवतो आणि त्यात जराही भेदभाव दिसला तर पूर्ण कंपनीचं मन बिघडतं. दुसरं काम अर्जांचं. जवानाच्या गावी चुलत्याने बांध कोरलाय, तलाठी दाद देत नाही, म्हातारी आई एकटी आहे. असा अर्ज आला की युनिटमधून जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र जातं. चाळीसगाव-पारोळ्याकडच्या पोराला बांधाचा वाद समजावून सांगावा लागत नाही. पण तो वाद सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर बघताना त्याला कळतं, की ज्या माणसाच्या डोक्यात घरचा बांध घोळतोय तो रात्रीच्या पहाऱ्यावर नीट उभा राहणार नाही, म्हणून हेही अधिकाऱ्याचंच काम.

लांब पल्ल्याच्या मार्चनंतर आणखी एक गोष्ट बघायला मिळते. जवान बूट-मोजे काढून रांगेत बसतात आणि अधिकारी त्यांचे पाय तपासत जातो. बोटांमधली भेग, टाचेवरचा फोड, मोजा ओला आहे का. वाकून बघतो, वेळ पडली तर हाताने. पायदळाचं वाहन म्हणजे पाय, आणि फोड आलेला जवान उद्या दहा किलोमीटर मागे पडला तर सेक्शन मागे पडतं, हा त्यामागचा साधा हिशोब. त्या अधिकाऱ्याचे स्वतःचे पाय शेवटी. जेवणाच्या रांगेतही तसंच. अकादमीत भिंतींवर मोठमोठी वाक्यं लिहिलेली असतात. माझ्या मते कॅडेटला त्यांच्यापेक्षा ही पायांची रांग एकदा दाखवावी.

अटॅचमेंट फक्त कॅडेटांची नसते

हा शब्द सैन्यात पुढेही भेटतो. आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद आणि वाहतूक सांभाळणारं दल. यातल्या नव्या अधिकाऱ्यांना सुरुवातीची काही वर्षं पायदळाच्या बटालियनला जोडतात. ज्यांना आयुष्यभर रसद पोचवायची, त्यांनी ती रसद खाणाऱ्याबरोबर आधी राहावं, असा विचार.

कारगिलच्या लढाईत या व्यवस्थेचा अर्थ देशाला दिसला. नागालँडचे कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे आर्मी सर्व्हिस कोअरचे, डिसेंबर 1998मध्ये अधिकारी झालेले, 2 राजपुताना रायफल्सला जोडलेले. जून 1999मध्ये द्रास भागात घातक, म्हणजे बटालियनमधल्या निवडक हल्लेखोर जवानांची प्लाटून घेऊन ते उभ्या बर्फाळ कड्यावर चढत होते. बूट घसरू लागले म्हणून त्यांनी सोळा हजार फुटांवर ते काढून टाकले आणि अनवाणी चढले. तिथेच ते धारातीर्थी पडले. महावीर चक्र मरणोत्तर मिळालं. त्याच कोअरचे कॅप्टन हनीफुद्दीन 11 राजपुताना रायफल्सबरोबर तुर्तुक भागात शहीद झाले, त्यांना वीरचक्र. दोघेही कागदोपत्री 'जोडलेले' होते.

आणि हा प्रकार आपल्या मातीत जुना आहे, जरी हेतू वेगळा होता. 1825मध्ये इंग्रजांनी धरणगावला खान्देश भिल्ल कोअर उभी केली, ती जेम्स आउट्रम नावाच्या बावीस-तेवीस वर्षांच्या लेफ्टनंटने. तो भिल्लांच्या पाड्यांवर गेला, त्यांच्याबरोबर शिकारीला हिंडला आणि मग त्यांनाच पलटणीत घेतलं. सातपुड्यातल्या भिल्लांना भिल्लांकरवीच काबूत ठेवायचं हा त्यामागचा डाव होता, त्याचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण माणसांत राहिल्याशिवाय त्यांचं नेतृत्व करता येत नाही, एवढं त्या पोरसवदा लेफ्टनंटला कळलं होतं.

कुठे जावं लागतं?

ते वरून ठरतं, निवड आपल्या हातात नसते. खान्देशच्या भोवती मात्र लष्कराची ठाणी चिक्कार. भुसावळहून मुंबईकडची गाडी पकडली की देवळाली. तिथे तोफखान्याचं स्कूल. अहिल्यानगरला रणगाडा दलाचं केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळाचं, रेजिमेंटल सेंटर. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा करत आग्रा रोडने वर गेलं की महू, जिथे पायदळाचं स्कूल आणि दूरसंचाराचं कॉलेज.

युनिट कुठलं मिळालं यावर अनुभव बदलतो. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत बीएमपी गाडी असते, चालवणारे-लढवणारे तीन आणि पाठीमागे सात जवान. मे महिन्यात तिच्या पोटात पाच मिनिटं बसलं की जळगावचं ऊनही थंड वाटतं. तोफखान्यात गणिताची आवड असलेली पोरं खूश होतात: वारा, तापमान, दारूचा भार, कोन, सगळं धरल्याशिवाय गोळा जागेवर पडत नाही.

मुलींनाही यात जागा आहे. सीनिअर विंगच्या, म्हणजे कॉलेजच्या मुलींसाठी लष्करी रुग्णालयांतल्या आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतल्या अटॅचमेंट असतात, मुलांसाठी डेहराडूनच्या अकादमीतली. आपल्याकडे मुलीचा कागद घरी अडकतो तो बहुतेक 'सोबत कोण' या प्रश्नावर. मुलींच्या तुकडीबरोबर महिला अधिकारी किंवा केअरटेकर असते, हे आधीच विचारून घ्या आणि मग सही करायला वेळ लावू नका.

पुढे उपयोग काय?

सरळ नोकरी मिळत नाही, हे पुन्हा सांगतो. एनसीसीचं सर्वांत वरचं, 'सी' प्रमाणपत्र मात्र दार उघडतं. एनसीसी स्पेशल एंट्रीत पदवीला 50 टक्के, 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' ग्रेड आणि 19 ते 25 वय असेल तर लेखी परीक्षा नाही. अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबी. तिथून निवड झाली आणि मेडिकल, मेरिट पार पडलं की चेन्नईला 49 आठवड्यांचं प्रशिक्षण. सीडीएसच्या, म्हणजे यूपीएससीच्या लेखी परीक्षेच्या मार्गाने डेहराडूनला जायचं असेल तर तिथेही 'सी' प्रमाणपत्रवाल्यांसाठी काही जागा राखीव असतात.

अटॅचमेंटचा खरा उपयोग एसएसबीच्या मुलाखतीत दिसतो. पाच दिवस चालणाऱ्या त्या निवडीत पंधरा गुण पारखतात आणि मुलाखत घेणारा अधिकारी आयुष्यभर युनिटमध्येच राहिलेला असतो. 'मी युनिटमध्ये प्लाटून कमांड केली' असं कॅडेटने फेकलं, की पुढचा प्रश्न तयार: 'प्लाटून हवालदार काय काम करतो?' तिथे गडी उघडा पडतो. उलट 'मी कोतमध्ये रायफल तीनदा परत आणली' असं खरं सांगणाऱ्याशी अर्धा तास गप्पा रंगू शकतात. क्लासवाले हजारो रुपये घेऊन उत्तरं पाठ करून घेतात. त्यांच्या जाहिराती बघून मला नेहमी वाटतं, त्याऐवजी पोराला दोन आठवडे युनिटमध्ये धाडा आणि रोज रात्री वहीत चार ओळी लिहायला सांगा.

वहीत काय लिहायचं यालाही मर्यादा आहे. युनिटचं नाव-ठिकाण, शस्त्रं, गाड्या, दारावरचे फलक यांचे फोटो काढायचे नाहीत, स्टेटसला टाकायचे नाहीत. फोन जमा करून घेतला तर तक्रार करू नका. 'घरी फोन नाही आला' म्हणून तिसऱ्या दिवशी बटालियनमध्ये जाऊन उभ्या राहणाऱ्या माता-पित्यांनी आधीच एएनओंचा, म्हणजे कॉलेजमधल्या एनसीसी अधिकाऱ्यांचा नंबर लिहून ठेवावा.

सामानाचं शेवटचं. डीएमएस, म्हणजे लष्करी धाटणीचे जड बूट नवे कोरे नेऊ नका. निघायच्या महिनाभर आधीपासून रोज संध्याकाळी घालून चालवा, नाहीतर पहिल्याच मार्चला टाच सोलून निघते. सुती मोजे जास्तीचे. कॅडेट ओळखपत्र, आधार, मेडिकल आणि संमतीपत्र यांच्या दोन-दोन झेरॉक्स, एक संच पिशवीत आणि एक अंगावर. खाऊचे डबे शेजारच्या खाटेवरच्या राजस्थानी, तमिळ जवानांपुढेही उघडायचे असतात, तेव्हा शेव जरा जास्तच बांधून द्या.